बापाच्या दुःखाचं काय करायचं?

बाबासाहेबांची भाषणं आपल्याला तोंडपाठ आहेत. पत्रं वाचायला मात्र सवड नसते. १६ ऑगस्ट १९२६ चं एक पत्र आहे, कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना लिहिलेलं. जुलैत राजरत्न गेला होता. त्याच्या आधी रमेश, गंगाधर आणि इंदू. चार लेकरं मातीत गेली, उरला एकटा यशवंत. त्या पत्रात बाबासाहेब साफ लिहितात की या धक्क्यातून आम्ही दोघं सावरलो असं सोंग आणण्यात अर्थ नाही. शेवटी तर ते स्वतःला मोडलेला माणूस म्हणवून घेतात.

साडेचार महिन्यांनी, १ जानेवारी १९२७ ला, हाच माणूस कोरेगावच्या स्तंभापुढं उभा होता. आणि २० मार्चला महाडला, चवदार तळ्यावर. आपण पुण्याचे लोक. स्तंभ आपल्याला जवळ. दर एक जानेवारीला येरवडा, वाघोली करत जातो. त्या पत्राकडं कुणी जात नाही.

लोक लगेच म्हणतात, बघा, दुःख गिळलं आणि समाजासाठी उभे राहिले. गिळलं कुठं? लिहिलं. मित्राला पाठवलं. पत्र लिहिलं म्हणून महाड झालं, असं मी म्हणत नाही. तो हिशोब घाणेरडा आहे, लेकराचं मरण नफ्याच्या खात्यात टाकणारा. मी एवढंच म्हणतो, मी मोडलोय असं सांगितल्यानं महाड अडलं नाही.

मग आपलं कुठं अडतं? आपल्या आज्या-पंज्यांना गावात म्हातारपणीसुद्धा पोरंसोरं अरेतुरे करायची. मिशीला पीळ दिला तर मार. म्हणून शहरात आलेल्या पोरानं छाती पुढं काढली. बरोबरच केलं. पण मर्द कसा असतो याचं माप त्यानं कुणाकडून घेतलं? ज्यांनी त्याच्या बापाला अरे म्हटलं, त्यांच्याच वाड्यातून. रडायचं बाईनं, बाप्यानं दात आवळून बसायचं. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, हे माप जळायचं राहिलं.

आमच्या खात्यात एक बदली कामगार होता. त्याचं सात महिन्यांचं मूल जुलाबानं गेलं. तिसऱ्या दिवशी गडी पाळीला हजर, कारण खाडा परवडत नव्हता. कुणी त्याच्याशी मुलाबद्दल बोलेना. संध्याकाळी गुत्त्यावर मात्र त्याला दहा मित्र. साहजिक आहे, गुत्ता उघडा असतो, विहाराला कुलूप असतं. पुढं त्यानं बायकोवर हात टाकला. मूल तिचंही गेलं होतं.

वस्तीच्या नळाला गटाराचं पाणी येतं म्हणून मोर्चा निघाला. निघायलाच हवा होता. ते मूल नशिबानं मेलं नव्हतं, पाण्यानं मेलं होतं, आणि पाणी कुठल्या वस्तीत कसं येतं हे जात बघून ठरतं. पण हँडबिलात त्या मुलाचं ‘व्यवस्थेचा बळी’ झालं. बाप तो कागद उलटसुलट करून बघत होता. मुलाला नुकते दोन दात आले होते, ते कुठं छापायचं?

आपल्यातले काही शहाणे म्हणतात, दुःख ही खासगी बाब, मध्यमवर्गाची चैन. क्रांती झाली की बघू. मला हे पटत नाही. ज्याला माणूस म्हणून जगायचं आहे त्याला मेलेल्या लेकरासाठी माणूस म्हणून रडायलाही मिळालं पाहिजे. हा हक्क तळ्याच्या पाण्याइतकाच आहे. मोर्चात त्याला पुढं उभं करायचं असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन बसावं लागेल, हातात पावतीपुस्तक न घेता.

आणि दुःख मेलेल्याचंच असतं असं नाही. पहिलं मूल झालं की बापाची झोप जाते. ठेकेदार उद्या गेटवर घेईल का, दुधाचं काय, दाखला कुठून काढायचा, आडनाव सांगितल्यावर मास्तरचा चेहरा कसा होईल. हे सगळं तो कूस बदलत एकटाच मोजतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यात १,२२,७२४ पुरुष. एकूण आकड्यात चौथ्या हिश्श्याहून जास्त माणसं रोजंदारीवरची.

अशा माणसाला आपण ‘अत्त दीप भव’ ऐकवतो. त्याचा अर्थ एकटाच जळत बस असा नाही. तसा असता तर त्रिसरणात तिसरं शरण संघाचं कशाला ठेवलं असतं? किसा गोतमी मेलेलं लेकरू घेऊन तथागताकडं आली, तेव्हा त्यानं तिला रडू नको म्हटलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथनं मोहरी आण, म्हणून दारोदार धाडलं. दर दारात तिला कुणाचं तरी मरण ऐकायला मिळालं. पण गोतमी बाई होती. बाप असता तर पहिल्या दारावर थाप तरी मारली असती का?

इथं रमाईचा विचार केला पाहिजे. चारी लेकरं तिच्या पोटची. तिनं कुणाला पत्र लिहावं? २७ मे १९३५ ला ती गेली. पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी पुढं तिला अर्पण केला, पण ते ती गेल्यावर. म्हणून बायकोजवळ मन मोकळं करा एवढंच सांगून मी थांबत नाही. तिच्या डोक्यावर आधीच हंडा आहे. बाप्यांनी बाप्यांजवळ बोलायला शिकावं.

काहींचं बोलण्यानं भागत नाही, औषध लागतं. पुण्यात कुणी जरा वेगळं वागलं की ‘येरवड्याला टाका’ म्हणून हसतात. येरवड्यात तुरुंग आहे आणि मनोरुग्णालयही आहे. तुरुंगातून आलेल्याला आपण हार घालतो. मनोरुग्णालयातून गोळ्या आणणारा पिशवी शर्टाखाली लपवून वस्तीत शिरतो. हे बंद व्हायला पाहिजे. सरकारचा टेलिमानस नंबर १४४१६ हा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. विहाराच्या फळ्यावर तो मोठ्या अक्षरात लिहायला खडू तेवढा लागतो.

रविवारी वंदना झाली की सतरंजी लगेच गुंडाळू नका. अर्धा तास बसा. बायकांचं त्यांना ठरवू द्या, आपण बाप्ये बसू. कुणाचं मूल आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाला झोप नाही. पहिले दोन-तीन रविवार कुणी तोंड उघडणार नाही. क्रिकेटच्या गप्पा होतील, नगरसेवकाला शिव्या पडतील. पडू द्या. चहा सांगा.