होकार कोणाचा?

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ १९३७ साली पडद्यावर आला. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो काढला. अनाथ नीराला सांभाळणारे नातलग तिला फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी तिचे लग्न लावून देतात. शांता आपटे यांची नीरा सासर सोडत नाही, पण काकासाहेबांची पत्नी म्हणून नांदायलाही ठाम नकार देते.

आम्हाला प्रश्न पडतो तो असा : हे लग्न झाले होते का? विधी झाले, पाहुणे जेवून गेले. नव्हता तो फक्त नीराचा होकार. लोक म्हणतात, ‘कपाळी कुंकू लागले, आता नशिबात असेल ते भोगायचे.’ ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी आहे. विवाह घडतो तो वधूवरांच्या मोकळ्या होकाराने, आणि तो त्यांच्या वतीने आईवडीलही देऊ शकत नाहीत. १९८३ च्या कॅनन कायद्याप्रमाणे धाकाने मिळवलेला होकार खरा होकार नव्हे. संसार मुळापासून बिघडेल अशी गोष्ट मुद्दाम लपवून मिळवलेला होकारही नव्हे.

केशवराव दाते यांचे काकासाहेब दुष्ट नाहीत. चारचौघांत ते सुधारक म्हणूनच ओळखले जातात. आपला अन्याय उमगल्यावर नीराला मोकळे करण्यासाठी ते स्वतःचा जीव देतात. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ पासून होता, पण हिंदूंसाठी घटस्फोटाची तरतूद देशभर झाली ती १९५५ साली. त्यांची कोंडी आपण समजू शकतो. तरीही याला प्रायश्चित्त म्हणता येत नाही. जीव देवाचा आहे. केलेल्या अन्यायाची भरपाई जगूनच करावी लागते, आणि या मरणाचे ओझे शेवटी नीराच्याच मनावर राहणार.

आज कोणी म्हातारा नवरा लपवत नाही. पण व्यसन, कर्ज, आजार किंवा दुसरीकडे गुंतलेले मन लपवले जाते. ‘लग्न झाले की होईल सगळे ठीक’ असे आपणच म्हणतो. लग्नाआधी धर्मगुरू दोघांना वेगवेगळे बसवून विचारतात, ‘कोणाची जबरदस्ती नाही ना?’ तेव्हा हॉल बुक झालेला असतो, पत्रिका वाटून झालेल्या असतात. खरे बोलायला मुलामुलींची जीभ रेटत नाही.

म्हणून पनवेलच्या आपल्या घराघरांतून हा प्रश्न साखरपुड्याच्या आधीच विचारू या. ‘नाही’ असे उत्तर आले तर रागावू नये. ज्या घरात ‘नाही’ म्हणता येते, त्याच घरातल्या ‘हो’ला अर्थ असतो. हॉलचे पैसे बुडाले तर पुन्हा कमावता येतील.