दहा मिनिटांचा मंगळ

दिवाळी अंक घरात आला की तो कोणत्या पानापासून वाचला जातो, ह्याविषयी संपादकांचा काही गोड गैरसमज असेल तर तो त्यांनी खुशाल जपावा. आमच्याकडे आधी वार्षिक राशिभविष्य, मग व्यंगचित्रे, आणि फराळाने अंगात सुस्ती आली की कथा. वैचारिक लेखाची पाळी भाऊबीज उलटल्यावर. तेव्हा आपणही राशींवरच लिहावे, निदान चुकून तरी कोणी वाचील, असा माझा हिशेब आहे.

दुसरेही कारण आहे. आमच्या पुरुषोत्तमनगरात अलीकडे परदेशी राशी आल्या आहेत. पुरुषोत्तमनगर म्हणजे शहादे तालुक्यातील साखर कारखान्याची वसाहत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये ऊस, केळी आणि पपई. येथल्या मुलांना पूर्वी आपली रास आजीला विचारल्यावाचून कळत नसे. आता मोबाइलवर जन्मतारीख टाकली की पाश्चात्य रास निघते, चिनी प्राणीही निघतो. मधल्या सुट्टीत 'गुरुजी, तुमचा प्राणी कोणता?' असे मला विचारण्यात येते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, गणितही तेवढ्यापुरतेच. पण ह्या शास्त्रांची तोंडओळख करून देण्यास तेवढे गणित पुरते.

आपली रास ही चंद्राची. जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत असेल ती. पाश्चात्यांची रोजच्या बोलण्यातली रास सूर्याची, म्हणून तिला वेळ, स्थळ काही लागत नाही, नुसती तारीख पुरते. वर्तमानपत्राच्या धंद्याला ही सोय फारच मानवली. 1930 साली इंग्लंडात राजकन्या मार्गारेट जन्मली, तेव्हा 'संडे एक्सप्रेस'ने नेलर नावाच्या ज्योतिषाकडून तिचे भविष्य लिहवून घेतले. वाचक खूष झाले, आणि पुढे बारा राशींचे रकाने जगभर पसरले. तेच आज आपल्या चहाच्या कपाशेजारी पडलेले असतात.

त्यांची रास आणि आपली रास ह्यांत आणखी एक फरक आहे. त्यांचे मेष वसंतसंपातापासून सुरू होते, आपले ताऱ्यांपासून. संपातबिंदू ताऱ्यांच्या मानाने दर बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो. असा सरकत सरकत आज तो चोवीस अंशांहून अधिक मागे गेला आहे. डॉ. मेघनाद साहा ह्यांच्या पंचांग सुधारणा समितीने 21 मार्च 1956 रोजी हे अंतर 23 अंश 15 कला धरले होते. ह्यामुळे 1 मे रोजी जन्मलेल्याचा सूर्य तिकडे वृषभेत आणि इकडे मेषेत असतो. ह्या सायन-निरयन वादात आपल्याकडे मागे विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन मोडक, शंकर बाळकृष्ण दीक्षित अशी मातब्बर मंडळी सायनाच्या बाजूने उभी राहिली होती. दीक्षित पेशाने शिक्षक. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास 1896 सालचा. मराठीत एका माणसाने एकट्याने एवढे काम करावे ह्याचे मला अजून नवल वाटते.

'परक्यांचे ज्योतिष आपल्याला कशाला?' असे म्हणणाऱ्यांसाठी एक मौज सांगतो. पत्रिकेतील 'होरा' आणि 'केंद्र' हे शब्द मूळ ग्रीक. 'पणफर' आणि 'आपोक्लिम' तर उच्चारावरूनच ओळखू येतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहज्जातकात राशींची ग्रीक वळणाची नावेही दिली आहेत. पाहुणा पंधराशे वर्षांपूर्वीच घरात येऊन बसला, आता तो घरचाच झाला.

चिनी पद्धत मात्र निराळी. तिथे रास वर्षाची. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर असे बारा प्राणी ओळीने येतात. त्यांना लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ह्या पाच तत्त्वांची जोड मिळाली की साठ वर्षांचे चक्र पुरे होते. आपल्याकडेही प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे आहेतच. आपल्या महाराष्ट्र राज्याचा जन्म 1 मे 1960 चा, म्हणजे चिनी हिशेबाने उंदराच्या वर्षातला. हसू नका; ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांनी तरी उंदराला हसू नये.

वर्षावरून रास ठरली की काय होते ते शाळेत फार चांगले दिसते. 2012 साली जन्मलेली मुले एकाच वर्गात बसतात, आणि ती जवळजवळ सगळीच्या सगळी ड्रॅगन! ड्रॅगन म्हणजे तेजस्वी, पराक्रमी, राजयोगी. त्यांतला एक खिडकीतून ऊस खात असतो, एक झोपलेला असतो, आणि एकीने मी फळ्यावर लिहिण्याआधीच उत्तर काढलेले असते.

इथपर्यंत सगळे गमतीचे. मलाही राशिभविष्य वाचायला आवडते, आणि कोणाच्या चार घटकांच्या करमणुकीवर काठी उगारावी असा माझा स्वभाव नाही. ज्योतिषाकडे जाणारा माणूस पुष्कळदा भविष्यासाठी जातच नाही. आपले गाऱ्हाणे कोणी तासभर शांतपणे ऐकून घ्यावे, म्हणून जातो. तेवढे ऐकणारे माणूस आपण घरात ठेवलेले नाही, हा दोष ज्योतिषाचा नव्हे. प्रश्न सुरू होतो तो भविष्य एकाचे आणि भोगणारा दुसरा असे झाले म्हणजे.

जपानचे उदाहरण घ्या. चिनी चक्रातले अग्नी आणि घोडा ह्यांचे वर्ष साठ वर्षांतून एकदा येते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या मुळावर येते, अशी जपानात समजूत आहे. 1965 साली तिथे सुमारे 18 लाख 24 हजार मुले जन्मली होती. 1966 हे अग्नी-अश्वाचे वर्ष आले, आणि आकडा 13 लाख 61 हजारांवर उतरला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा 19 लाखांच्या वर! हे कोठल्या अडाणी खेड्यात घडले नाही. त्याच्या दोनच वर्षे आधी त्या देशाने ऑलिंपिक सामने भरवले होते आणि जगातली सर्वांत वेगवान आगगाडी चालू केली होती. आईबाप काही दुष्ट नव्हते. मुलगी झाली तर उद्या तिला स्थळ कोण देईल, एवढीच त्यांची भीती. समजूत खरी असण्याची गरजच नव्हती. शेजारी ती खरी मानतो, एवढे पुरेसे होते. त्याच्या आधीच्या म्हणजे 1906 सालच्या खेपेला तर कित्येकांनी मुलींचा जन्म कागदावर मागच्या किंवा पुढच्या वर्षात ढकलला होता.

आता गंमत पाहा. त्याच 1966 च्या गुढीपाडव्याला आपल्याकडे शके 1888 सुरू झाले. त्या संवत्सराचे नाव 'पराभव'. ह्याहून अशुभ नाव कोणते हवे? पण पराभव संवत्सरात पोर नको म्हणून महाराष्ट्रात कोणी पाळणा लांबवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. साठ वर्षांचा फेरा पुरा होऊन 2026 साली अग्नी-अश्व आणि पराभव हे दोघेही पुन्हा जोडीनेच येतात. पाडव्याला पंचांगात ते नाव वाचायचे आणि श्रीखंड खायला बसायचे, ही आपली रीत मला फार शहाणपणाची वाटते.

मात्र हे शहाणपण आपण मंगळाच्या बाबतीत कोठे ठेवून देतो कोण जाणे. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मुलगी मंगळाची. बारांपैकी पाच घरे. माझ्या अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गात हिशेबाने वीसजण मंगळाचे निघतील. एवढ्या मोठ्या संख्येने जोडीदार मरू लागते, तर गावे ओस पडली असती. म्हणून मग अपवाद काढायचे, शांती सांगायची, मडक्याशी लग्न लावायचे.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणती माणसे घोड्याच्या अंगावरचे भोवरे बोटाने चाचपतात. देवमण असला की किंमत चढते, भोवरा वाईट जागी पडला की जातिवंत घोडाही कमी भावात जातो. तरी तो घोडा विकणाऱ्याच्या तोंडावर मी एक समाधान पाहिले आहे: जनावराला काय बोलले ते कळत नाही. मुलीला कळते. ती आतल्या खोलीत पोहे परतत असते आणि बाहेर बैठकीत तिचे बारावे घर चाललेले असते.

'पण शास्त्र खरे असेल तर?' असे विचारणारे विचारतातच, आणि त्यांनी विचारावे. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे ह्यांनी एक साधी परीक्षा घेतली. दोनशे पत्रिका गोळा केल्या. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन विचारले, ह्यांतल्या हुशार कोणत्या? सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी शेकडा 46 बरोबर आली. नाणे उडवून पन्नास येतात.

मी क्षणभर ही परीक्षा बाजूला ठेवतो. शास्त्र खरेच आहे असे धरून चालू. मग नवऱ्याचे आयुष्य त्याच्या स्वतःच्या पत्रिकेत लिहिलेले असलेच पाहिजे. ते तिथे दीर्घ असेल तर बायकोचा मंगळ ते तोडणार कसा? आणि तिथेच अल्प असेल तर तिचा त्यात अपराध कोणता? पूर्वकर्म म्हणाल तर ते त्याचेही होते. दोघांचा हिशेब एकीच्याच खात्यावर का मांडायचा? ह्या प्रश्नाला मी अनेक जाणत्यांना गाठले. एकाने मला चहा पाजला, एकाने श्रद्धेचा विषय आहे म्हणून सांगितले.

आणि भविष्य खरे ठरतेही, हे मी नाकारीत नाही. नासी मोकन आणि हान यू ह्या दोन अभ्यासकांनी 2017 साली चीनमधल्या ड्रॅगन मुलांचा धांडोळा घेतला. त्यांना आढळले की ती मुले शाळेत खरोखरच थोडी पुढे असतात. कारण ग्रह नव्हे. आईबापच त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवतात आणि त्यांच्या शिक्षणात वेळ आणि पैसा जास्त घालतात. हे वाचून मला मास्तर म्हणून जरा कापरे भरले. शिक्षकांच्या खोलीत 'ह्याच्या हातून काही व्हायचे नाही' हे भविष्य चहाबरोबर जितके सहज वर्तवले जाते, तितके कोणताही ज्योतिषी वर्तवत नसेल. मी कादंबऱ्याही लिहितो. ज्या पात्राचा शेवट लेखकाने आधीच ठरवला, त्याला मधल्या प्रकरणांत धड श्वाससुद्धा घेता येत नाही, हे कादंबरी लिहिणारा कोणीही सांगेल.

शिवाय जन्मवेळ ही चीज तरी कितीशी भरवशाची? आमच्या भागातल्या, विशेषतः सातपुड्याच्या पाड्यांवरच्या जुन्या माणसांची जन्मतारीख विचारा: 1 जून. शाळेत घालताना बापाला तारीख ठाऊक नसे, गुरुजींना रकाना भरायचा असे. त्यांनी 1 जून लिहिली. पाश्चात्य हिशेबाने ही सगळी मंडळी मिथुन राशीची. बडबडी, चंचल आणि पत्रव्यवहारात रमणारी! त्यांतल्या एकाने आयुष्यभर अंगठा उठवला.

हे सगळे मी हसत सांगत आलो, पण ह्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आमच्या वसाहतीत कारखान्याचे एक फिटर राहतात. त्यांची मुलगी शिकलेली, नोकरीची. तिचा मंगळ बाराव्या घरात, व्ययस्थानी. तीन स्थळे पत्रिका पाहून परत गेली. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले, पत्रिका पुढे ठेवली आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, हिची जन्मवेळ दहा मिनिटं पुढं केली तर लग्नरास बदलते. मंगळ अकराव्यात जातो. लाभस्थानी. तुमचं अक्षर चांगलं आहे."

गणित त्यांचे अगदी बरोबर होते. दहा मिनिटांत व्ययाचा लाभ होत होता. आणि मूळची वेळ तरी दवाखान्यातल्या नर्सने भिंतीवरच्या घड्याळात पाहून लिहिलेली; ते घड्याळ किती पुढे-मागे होते हे कोणी सांगावे? ज्या हिशेबावर आपला विश्वास नाही, त्यात खोटा आकडा घातला तर ते पाप का? कोणी आपल्याला अन्यायाच्या तराजूत घातले, तर ताजव्याला बोट लावण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही? 1906 सालच्या जपानी बापांनी तेच केले होते, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

तरी मी लिहून दिले नाही. माझे म्हणणे सत्यासत्याच्या सोवळ्यापुरते नव्हते. मी त्यांना म्हटले, "भाऊ, ही दहा मिनिटं तुम्ही विसराल, मी विसरेन. तिला विसरता येतील का? उद्या जावयाला साधा ताप आला, तरी ती रात्रभर जागून स्वतःकडेच बोट दाखवील. आज लोक तिला मंगळाची म्हणतात. मग ती स्वतःला म्हणेल, आणि कोणाजवळ बोलताही यायचं नाही."

ते बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला मुलगी नाही, गुरुजी." ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजून नाही.

दसऱ्याला कारखान्याच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले. मुहूर्त पाहून, पूजा करून, नारळ फोडून. तो आटोपताच ते फिटर पूजेकडे पाठ करून दाबाच्या काट्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि काटा स्थिर होईपर्यंत हलले नाहीत. नंतर बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठले. मुलीनेच एका स्थळाला कळवले होते म्हणे: मंगळ बाराव्यात आहे, पाहायचे असेल तर माणूस पाहायला या. पत्राखाली तिने स्वतःची सही केली होती. उत्तर अजून यायचे आहे. ऊसतोडीच्या गाड्या येऊ लागल्या आहेत, रस्ता रात्रंदिवस वाजतो, आणि संध्याकाळी फाटकापाशी ते मला भेटले की आम्ही दोघेही आधी हंगामाविषयी बोलतो.