ओली रेघ

बसा.

खुर्ची नको. खाली बसा, शेणाने सारवलेल्या गार जमिनीवर. तळवे टेकवा. जमिनीचा गारवा हाताला लागू द्या.

डहाणू तालुक्यातला एक पाडा आहे. वैशाखातली सकाळ. ऊन अजून चढलेलं नाही. बाहेर मांडव घातलाय, पोरं धावताहेत, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. लग्नघर आहे हे.

मांडवात मात्र जायचं नाही आपल्याला. इथेच, या अर्ध्या अंधारात, भिंतीसमोर बसायचं आहे.

एक श्वास घ्या. सावकाश.

ओल्या मातीचा वास येतो का?

भिंत कुडाची आहे. आत कामट्या, त्यावर शेणामातीचा लेप, त्यावर गेरूचा हात. हात म्हणजे खरोखरच हात. जवळून पाहिलं, तर लालसर रंगात बोटं फिरल्याच्या खुणा दिसतात. चार बोटांचे चार ओघळ, वळत वळत गेलेले. नजर त्यातल्या एकावर ठेवा. तो जिथे जातो, तिथे जाऊ द्या.

भिंतीपाशी सवासिनी बसल्या आहेत. एकीजवळ वाटी आहे. तांदूळ वाटून पाण्यात कालवलेत. दुसरीच्या हातात बांबूची काडी, तिचं टोक चावून चावून कुंचल्यासारखं मऊ केलेलं.

काडी वाटीत बुडते. भिंतीला टेकते. खाली सरकते.

आणि काहीच दिसत नाही.

नीट पाहा. रेघ आहे. पण ओली आहे. गेरूवर नुसती ओल फिरल्यासारखी वाटते.

थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

वरच्या टोकाला, जिथे काडी पहिल्यांदा टेकली होती, तिथे रेघ उजळू लागली आहे. आधी राखाडी. मग दुधासारखी. पाणी भिंतीत मुरतं, हवेत उडतं, आणि तांदूळ मागे राहतो. पांढरा रंग वरून खाली उतरत येतो, ज्या वाटेने काडी गेली त्याच वाटेने, पण तिच्या मागून, तिच्यापेक्षा सावकाश.

लिहिणारी मात्र पांढऱ्या रंगाची वाट पाहत नाही. ती पुढची रेघ ओढते आहे. आपण काय लिहिलं, हे तिला ओलं असतानाच ठाऊक आहे.

हो, लिहिलं. इथे चौक लिहितात.

पाहत राहा. चौकोन पुरा होतो आहे. कडेने नक्षीच्या पट्ट्या, एकीला लागून एक. मध्ये पालघट. हिरवाईची देवी, सुफलतेची देवी. तिच्याभोवती झाडं, सूर्य, चंद्र, एक फणी, एक शिडी. जवळच पंचशिऱ्या देव येईल. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

तुम्ही ही चित्रं पाहिलेली आहेत. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्यांचं झालेलं माणूस. कपावर पाहिलंत, साडीच्या पदरावर पाहिलंत, स्टेशनच्या भिंतीवर पाहिलंत. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हणून आता डोळे मिटा.

चित्र आहे तिथेच आहे. ते वाळतंय. त्याला वाळू द्या.

आता कान उघडे ठेवा.

कोपऱ्यात, मघापासून, एक म्हातारी बसली आहे. तुमचं लक्ष गेलं नसेल. तिने काडी हातात धरलेली नाही. ती धवलेरी आहे. इथे लग्न ती लावते. गाऊन लावते.

आवाज मोठा नाही. थोडा घोगरा आहे, दळणाच्या जात्यासारखा, एकाच लयीत फिरणारा. एक ओळ ती म्हणते. मागच्या बायका ती उचलतात. पुन्हा ती. पुन्हा त्या.

शब्द कळले नाहीत तरी चालेल. वारली बोली मराठीच्या जवळची आहे, मधेच एखादा शब्द ओळखीचा वाटेल आणि निसटेल. निसटू द्या. मागे लागू नका.

ती नावं घेते आहे. धरतरी, म्हणजे भुई. कणसरी, म्हणजे कणसातली देवी, धान्य. हिरवा. हिमाय. पावसाचा नारनदेव. लग्नाला ज्यांना बोलवायचं, त्यांना ती बोलावते आहे, एकेकाला, नावाने.

एकेका नावापाशी थांबा.

भुई.

धान्य.

पाऊस.

या नावांनी चौक भरतो. मला तर वाटतं, भिंतीवर दिसतं ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं या म्हातारीच्या कंठात आहे, आणि आपण ते न ऐकताच चित्र घरी घेऊन आलो.

धवलेरी. हा शब्द जरा जिभेवर ठेवून पाहा. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. तेराव्या शतकात आपल्या महदंबेने रचले ते धवळेच. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो, तिची रचना पोथीत उतरली म्हणून ती आपल्याला सापडते. तोच शब्द इथे, या पाड्यावर, एका जिवंत बाईचं नाव होऊन बसला आहे. ती पोथीत नाही. काही गाणी अभ्यासकांनी लिहून घेतली आहेत, आणि ते मोलाचं आहे. पण तिचा श्वास कागदावर कसा यावा? ओळ कुठे ओढायची, कुठे सोडायची, हे ती जिच्याशेजारी बसून शिकली तिच्याकडून आलं आहे. आणि तिला, तिच्याआधीच्या कुणाकडून.

तुमचा श्वास कसा चाललाय?

त्याला गाण्याच्या लयीत आणू नका. तो आपोआप आला तर येऊ द्या.

या घराच्या मागे अजून एक गोष्ट आहे. तिच्याकडेही पाहायला हवं, नजर न वळवता.

एके काळी इथल्या तरुणाला लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावं लागे, आणि त्या कर्जापोटी तो त्याच्याकडे राबत राही, वर्षानुवर्षं. अशा गड्याला लग्नगडी म्हणत. त्या काळीही भिंती सारवल्या जात. त्या काळीही चौक लिहिले जात. 1945 साली तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले, गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या, आणि वेठ करायची नाही असं ठरलं. ज्या म्हाताऱ्या तेव्हा लग्नात गात होत्या, त्यांच्या आवाजात काय असेल?

उत्तर शोधू नका. तो आवाज फक्त मनात आणून पाहा.

एक श्वास.

अजून एक.

इथून जवळच, गंजाडच्या कळंबीपाड्यावर, जिव्या सोमा म्हसे राहत. सांगतात, की लहानपणी आई गेली आणि या मुलाने बोलणं सोडलं. जे सांगायचं ते तो धुळीत रेघा ओढून सांगे. पुढे त्यांनीच बायकांच्या हातातली ही कला कागदावर आणली, जगाला दाखवली. 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले.

धुळीतली रेघ. डोळ्यांपुढे आणा. लहान मुलाचं बोट, आणि त्याच्यामागे उमटत जाणारी वाट.

कुणीतरी त्या मुलाशेजारी उकिडवं बसलं असेल, ती रेघ पुरी होईपर्यंत. त्याने बोलावं म्हणून घाई न करता.

आपणही तसंच बसू या.

धवलेरी थांबली आहे.

ओळ आठवत नाहीये तिला.

मागच्या बायका गप्प. मांडवातली पोरंही, कोण जाणे कशी, या क्षणी गप्प. लांबून हायवेवरच्या ट्रकचा आवाज येतो आणि विरून जातो.

तिची बोटं गुडघ्यावर हळूहळू आपटताहेत. एक. दोन. एक. दोन. ओठ हलताहेत, आवाज नाही. ती मागच्या ओळीपासून पुन्हा चालत येते आहे, मनातल्या मनात, वाट चुकलेलं माणूस ओळखीच्या झाडापर्यंत मागे जातं तशी.

ही शांतता भरायला धावू नका. कुणी सुचवू नये, कुणी हसू नये, कुणी उठू नये.

बसून राहा.

तिच्या पाठीमागे दहाएक वर्षांची एक मुलगी आहे. वाटी धरायला तिला बसवलं होतं. पीठ तिच्या मनगटावर वाळून पांढरं झालं आहे. ती म्हातारीच्या बोटांकडे बघते आहे. एक. दोन. तिचीही बोटं वाटीच्या काठावर हलू लागली आहेत, अगदी हलके, तिच्याही नकळत.

म्हातारी श्वास घेते.

ओळ येते.

आधी पुटपुटल्यासारखी, मग पुरी. बायका ती उचलतात. त्यांच्यात एक बारीक आवाज मिसळला आहे, शब्द अर्धेच, पण सूर धरून.

आता डोळे उघडा. घाई न करता.

मघाची ती पहिली रेघ पाहा. पार खालपर्यंत पांढरी झाली आहे. तिच्या शेजारी नवी ओढली आहे, ओली. अजून दिसत नाही ती.