ब्लफ म्हणजे खोटे बोलणे का?



मिस्सानंतर काही तरुणांनी आम्हाला विचारले, "फादर, पोकरमध्ये ब्लफ करणे हे खोटे बोलण्याचे पाप आहे का?" उत्तर देण्याआधी आम्ही तो खेळ समजून घेतला.

टेक्सास होल्डेम हा पोकरचा सर्वांत प्रचलित प्रकार. ५२ पत्त्यांतून प्रत्येकाला दोन पालथे पत्ते मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतून पाच पत्त्यांचा भारी डाव ज्याचा लागेल, तो जिंकतो. एका जोडीपेक्षा दोन जोड्या भारी, त्याहून तीन सारखे पत्ते. प्रत्येक टप्प्यावर इतरांएवढे पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकायचे. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, तर उरलेला आपले पत्ते न दाखवताच जिंकतो. ब्लफला वाव मिळतो तो इथे.

२००३ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ख्रिस मनीमेकर या हिशेबनीसाच्या हाती साधी जोडीही नव्हती. तरी त्याने साऱ्या चिप्स पुढे सरकवल्या. नव्व्यांची जोडी असूनही सॅम फार्हाने पत्ते टाकले. पुढे मनीमेकरने स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले.

हे खोटे बोलणे झाले का? युद्धातही शत्रूला दिलेला शब्द मोडू नये, पण आपला बेत गुप्त ठेवता येतो, असे संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे. पोकरमध्ये तर हुलकावणी चालणार, हे मान्य करूनच सगळे बसतात. गुगली टाकणाऱ्याला आपण खोटारडा म्हणत नाही.

मात्र तोच चेहरा घेऊन माणूस घरी येतो. पगार कुठे गेला, असे पत्नी विचारते. "या महिन्यात उशीर झालाय," तो सांगतो. हा ब्लफ नव्हे, हे खोटेच. ती त्या टेबलावर बसली नव्हती. पैसे मात्र तिचे आणि मुलांचेही लागले.

पैजेचे खेळ मुळातच अन्यायाचे नाहीत, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. परंतु स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात गेला, की ते अनैतिक ठरतात. आणि नाद माणसाला गुलाम करू शकतो. मोबाईलवर पैसे लावून खेळायचा पोकर पुरवण्यास तर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानेही मनाई केली आहे.

म्हणून पत्ते हाती घेण्याआधी स्वतःला विचारू या: हरलो, तर घरी खरे सांगता येईल का? येत नसेल, तर पत्ते खाली ठेवावेत. आणि जो आधीच हरून गप्प बसला आहे, त्याने आज घरी सांगावे. एकट्याने धीर होत नसेल, तर आमच्याकडे यावे. आम्ही सोबत येऊ.

आपले धर्मगुरू