हार्लन घराण्याचा कुळवृत्तांत

एखाद्या न्यायाधीशाचे चरित्र लिहावयास बसलेला लेखक पहिल्या प्रकरणात त्याच्या पूर्वजांची नावे ओळीने मांडतो आणि दुसऱ्या प्रकरणापासून ती विसरून जातो, हा प्रघात आपल्याकडे आहे तसाच इंग्रजी चरित्रवाङ्मयातही आहे. आणि बहुतेक न्यायाधीशांच्या बाबतीत त्यावाचून काही अडतही नाही. परंतु गेल्या शतकामागच्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात, जेथे माणसे जमीनजुमल्याप्रमाणे मृत्युपत्राने वारसांकडे उतरत, गहाण पडत आणि वाटणीत विभागली जात, तेथे घराण्याचा इतिहास आणि मिळकतीचा इतिहास ही दोन वेगळी दप्तरे राहत नाहीत. तेथील वकील-न्यायाधीशाची वंशावळ शोधणाऱ्याला एक कागद कौतुकाने उलगडावा लागतो आणि दुसरा संकोचाने; आणि पुष्कळदा दोन्ही कागद एकाच कचेरीच्या एकाच कपाटात असतात.

या दृष्टीने जॉन मार्शल हार्लन यांच्याइतके उद्बोधक उदाहरण मला दुसरे आढळले नाही. 1 जून 1833 रोजी केंटकी संस्थानातील बॉइल परगण्यात जन्मलेले हे गृहस्थ 1877 ते 1911 अशी चौतीस वर्षे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होते, आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या दोन मोठ्या प्रकरणांत, बाकीचे सारे न्यायमूर्ती एका बाजूला असताना, एकटे विरुद्ध बाजूस उभे राहिले, ही त्यांची कीर्ती. गुलामांच्या मालकाच्या घरात वाढलेला माणूस हे मत लिहितो कसा, हा प्रश्न मग ओघानेच येतो, आणि त्याचे उत्तर त्याच्या कुळात सापडेल अशी आशा अभ्यासकांना वाटते. ती आशा अर्धीच खरी आहे, असे माझे मत आहे.

कुळाचा प्रसिद्ध भाग सांगणे सोपे आहे, कारण अल्फियस हार्लन नावाच्या चिकाटीच्या गृहस्थाने 1914 साली संपूर्ण घराण्याचा एक विशालकाय वृत्तांत छापून ठेवला आहे. कोकणस्थ घराण्यांचे कुळवृत्तांत ज्यांनी चाळले आहेत, त्यांना त्या ग्रंथाची प्रकृती चटकन ओळखू येईल: मूळ पुरुष, त्याचे स्थलांतर, मग शाखा-उपशाखा आणि प्रत्येकाचे जन्म, विवाह, संतती. मूळ पुरुष जॉर्ज आणि मायकल हे बंधू, पंथाने क्वेकर; इंग्लंडमधून आयर्लंडात व तेथून 1687 साली अटलांटिक ओलांडून डेलावेअर नदीच्या खोऱ्यात उतरलेले. पुढच्याच वर्षी, 1688 मध्ये, तेथून जवळच असलेल्या जर्मनटाउनच्या चार गृहस्थांनी गुलामगिरीविरुद्ध एक निषेधपत्र लिहून क्वेकरांच्या सभेपुढे ठेवले. अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींतील असा हा पहिला लेखी निषेध मानतात. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्यास पंथाबाहेर काढण्याचा निर्णय घेतला तो 1776 साली. तोपर्यंत आपल्या न्यायमूर्तींची शाखा व्हर्जिनियाच्या वाटेने पश्चिमेकडे सरकली होती, पंथ मागे पडला होता, आणि पुढे तिच्या मिळकतीत गुलाम आले. तीन-चार पिढ्यांत एका घराण्याने केलेला हा प्रवास वंशावळीच्या ग्रंथात केवळ गावांची नावे बदलत गेल्याने दिसतो. मनात काय बदलले त्याला तेथे रकाना नाही.

1774 साली जेम्स हॅरड याच्या टोळीबरोबर याच शाखेतला सायलस हार्लन केंटकीत आला आणि काही वर्षांनी सॉल्ट नदीकाठी त्याने व त्याच्या भावाने आपले ठाणे बांधले. 19 ऑगस्ट 1782 रोजी ब्लू लिक्सच्या लढाईत सायलस मारला गेला. 1819 मध्ये स्थापन झालेला हार्लन परगणा त्याच्याच नावाचा. मागे राहिलेला भाऊ जेम्स हा न्यायमूर्तींचा आजोबा. त्याचा मुलगाही जेम्सच. तो वकील झाला, दोनदा काँग्रेसवर निवडून गेला, संस्थानचा मुख्य कायदा-अधिकारी झाला, आणि हेन्री क्ले यांच्या व्हिग पक्षाचा असा निष्ठावंत होता की त्याने मुलांची नावे देव्हाऱ्यातून न घेता पक्षातून आणि न्यायासनावरून घेतली: एक हेन्री क्ले, एक विल्यम लाउंड्स, आणि आमचा जॉन मार्शल, थेट तत्कालीन सरन्यायाधीशांच्या नावाने. बापाने पाळण्यातच नेमणूक करून टाकली म्हणावयाची! मुलाने सेंटर कॉलेजातून पदवी घेतली, ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठात कायदा शिकला, 1853 साली सनद मिळवली आणि बापाच्याच कचेरीत बसू लागला.

आता दुसरा कागद. 1850 आणि 1860 च्या खानेसुमारीत गुलामांसाठी निराळे तक्ते होते. त्यात मालकाचे नाव पूर्ण लिहीत. त्याखाली गुलामांची ओळ, पण सामान्यतः नावाविना: वय, लिंग, वर्ण, फरारी आहे काय, मुक्त केला काय, आणि बहिरा, मुका, आंधळा वा वेडा आहे काय. वर्णाच्या रकान्यात काळा किंवा मिश्र एवढेच. केंटकीतील फ्रँकफर्टच्या जेम्स हार्लन यांच्या नावाखाली अशा ओळी आहेत. या माणसांना जनगणनेच्या कागदावर नाव मिळाले ते 1870 साली. म्हणून आपल्या पूर्वजांचा माग काढणारा कृष्णवर्णीय संशोधक 1870 पर्यंत झपाट्याने मागे जातो आणि तेथे येऊन थांबतो, कारण त्यापलीकडे त्याचा पणजोबा पस्तीस वर्षांचा काळा पुरुष एवढाच उरतो. मालकाच्या वंशजाला मात्र 1687 पर्यंत डांबरी सडक आहे.

या निनावी ओळींतून एक माणूस नावासकट वर आला. रॉबर्ट हार्लन, जन्म 1816 चा, मिश्र रक्ताचा, लहानपणापासून जेम्स हार्लन यांच्या घरात वाढलेला. त्याला शाळेत घातले, तेव्हा वर्ण पाहून त्याला परत पाठविण्यात आले आणि मग घरच्या मुलांनी त्याला शिकविले, असे सांगतात. तरुणपणी त्याने हॅरड्सबर्गला न्हाव्याचे दुकान चालविले, पुढे लेक्सिंग्टनला किराण्याचे. कायद्याने गुलाम असलेला माणूस स्वतःचे दुकान चालवितो, गावोगाव हिंडतो आणि शर्यतीचे घोडे पारखतो, ही सवलत सामान्य नव्हती. 18 सप्टेंबर 1848 रोजी जेम्स हार्लन फ्रँकलिन परगण्याच्या कचेरीत स्वतः हजर झाले आणि त्यांनी रॉबर्टला मुक्त केल्याची नोंद करून घेतली. अशा नोंदीत मुक्त झालेल्या माणसाची उंची, त्वचेची छटा, केस, डोळे आणि अंगावरचे व्रण लिहून ठेवीत. कारण उद्या कोणी त्याला रस्त्यात अडविले तर तो तोच आहे हे कागदाशी ताडून पाहता यावे. अवघ्या दोन वर्षांनी केंटकीच्या नव्या घटनेने मुक्त झालेल्या गुलामास संस्थान सोडून जाणे भाग पाडले. जेम्स हार्लन यांना वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे याचा अंदाज होता की नाही, हे कागद सांगत नाहीत. मात्र ते वकील होते.

आणि येथे एक गोष्ट आहे, जिच्याकडे चरित्रकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. 1858 साली जॉन मार्शल हार्लन परगण्याचे न्यायाधीश म्हणून निवडून आले, तो परगणा फ्रँकलिनच. यादवी युद्धापूर्वीच्या काळात त्यांनी भूषविलेले हे एकमेव न्यायासन, आणि परगण्याच्या या न्यायालयाचे नित्याचे काम म्हणजे मृत्युपत्रे प्रमाणित करणे, अज्ञानांचे पालक नेमणे, मयताच्या मिळकतीच्या याद्या दाखल करून घेणे. म्हणजे ज्या न्यायालयाच्या दप्तरात दहा वर्षांपूर्वी बापाने रॉबर्टची मुक्तता नोंदविली, त्याच न्यायालयात मुलगा इतरांच्या घरची माणसे पलंग-पेट्यांसह किमतीच्या यादीत उतरलेली पाहत बसला. कायद्याच्या तत्त्वज्ञानावरचे ग्रंथ वाचून जे कळत नाही ते अशा याद्या वाचून कळत असावे, असा माझा तर्क आहे. तर्क यापलीकडे मी त्याला किंमत देत नाही.

रॉबर्ट पुढे 1849 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या धावपळीत गेला, मोठी रक्कम कमावून सिनसिनाटीला स्थिरावला, काही वर्षे घोडे घेऊन इंग्लंडात राहिला, यादवी युद्धानंतर परतला, रिपब्लिकन पक्षाचा वजनदार पुढारी झाला आणि ओहायोच्या विधिमंडळावर निवडून आला. 1897 साली तो वारला.

हा न्यायमूर्तींचा सावत्र भाऊ होता काय? 1993 मध्ये जेम्स गॉर्डन या कायद्याच्या अभ्यासकाने हाच प्रश्न शीर्षकात घेऊन दीर्घ निबंध लिहिला आणि तेव्हापासून जेम्स हार्लन हेच रॉबर्टचे जनक, ही गोष्ट पुष्कळांनी सिद्धवत मानली. तारखांचा हिशेब मात्र अडचणीचा होता: जेम्स यांचा जन्म 1800 चा, रॉबर्टचा 1816 चा. नंतर दोन्ही शाखांच्या पुरुष वंशजांच्या जनुकांची तपासणी झाली, बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा उतरणारा तो अंश ताडून पाहिला गेला, आणि तो जुळला नाही. काहींना यामुळे सारी कथाच निकालात निघाली असे वाटले. मला तसे वाटत नाही. रक्ताचा पुरावा रक्तापुरता. पण त्या घराने त्याला आडनाव दिले, त्याला दुकान चालवू दिले, कचेरीत जाऊन मुक्त केले, आणि पुढे जॉन व रॉबर्ट एकाच पक्षात, परस्परांची ओळख ठेवून वावरले, हा व्यवहाराचा पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेने खोडलेला नाही. आपल्याकडच्या कुळवृत्तांतांतही लेकावळ्यांना पान मिळत नाही, पण वाड्यातली त्यांची जागा साऱ्या गावाला ठाऊक असे. घराण्यात कोण होते हे ठरविण्यास जन्म हा एकच दाखला पुरत असता, तर दत्तकाचा कायदा कोणी लिहिलाच नसता.

बापाविषयी आणखी एक आख्यायिका न्यायमूर्तींच्या पत्नी मॅलव्हिना यांनी आपल्या आठवणींत दिली आहे. रविवारी चर्चला जाताना रस्त्यात साखळदंडात बांधलेल्या गुलामांचा तांडा आणि चाबूक घेतलेला मुकादम दिसला. जेम्स हार्लन त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, बोट रोखून त्यांनी त्याला एक शेलकी शिवी हासडली, आणि तसेच पुढे चर्चला गेले. ही आख्यायिका कौतुकाने सांगतात. मला तिच्यात तो काळच दिसतो: घरी गुलाम बाळगणाऱ्याला विकणाऱ्याची किळस येते, आणि ती व्यक्त करून झाली की प्रार्थनेला उशीर होत नाही. मॅलव्हिना स्वतः इंडियानातील इव्हान्सव्हिलच्या, गुलामगिरीला विरोध करणाऱ्या माहेरच्या. डिसेंबर 1856 मध्ये लग्न होऊन त्या या घरात आल्या.

जॉन हार्लन यांचा तरुणपणाचा पूर्वेतिहास त्यांच्या भक्तांना अडचणीचा आहे. 1850 नंतरच्या दशकात ते परकीय स्थलांतरितांना व कॅथलिकांना विरोध करणाऱ्या पक्षात होते. युद्धात त्यांनी दहाव्या केंटकी पलटणीचे कर्नल म्हणून उत्तरेच्या बाजूने तलवार धरली; ती अखंड राज्यासाठी धरली, गुलामांसाठी नव्हे. लिंकन यांच्या मुक्तिघोषणेला आणि गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला त्यांनी उघड विरोध केला. ही दुरुस्ती केंटकीने प्रतीकात्मक रीत्या मान्य केली तीदेखील 1976 साली, यावरून हवा कशी होती ते समजावे. 1868 च्या सुमारास ते रिपब्लिकन झाले, 1871 व 1875 अशा दोन वेळा गव्हर्नरपदासाठी उभे राहून पडले, आणि या प्रचारात आपले पूर्वीचे मत चुकीचे होते असे त्यांनी व्यासपीठावरून सांगितले. याच मधल्या काळात, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करून ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केल्याबद्दल, अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेचे मानकरी जन्मापासून सदाचारी होते असे नव्हे. त्यांत पाच-सहा वर्षांपूर्वी पक्ष बदललेला केंटकीचा हा वकीलही येत होता.

1883 साली नागरी हक्कांचा कायदा आठ विरुद्ध एक अशा मताने रद्द झाला, तेव्हा तो एक म्हणजे हार्लन. विरोधी मत लिहिताना लेखणी अडखळू लागली. सरन्यायाधीश टॉनी यांनी 1857 मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाविरुद्धचा कुप्रसिद्ध निवाडा लिहिताना वापरलेली दौत हार्लन यांच्या संग्रही होती. ती एका बाईंना देण्याचे त्यांनी कबूल केले होते आणि मॅलव्हिनाबाईंनी ती गुपचूप लपवून ठेवली होती. एका रविवारी पती चर्चला गेले असता त्यांनी ती घासूनपुसून, शाई भरून मेजावर ठेवली. मत पुरे झाले. 1896 मध्ये लुइझियानातील रेल्वेच्या वेगळ्या डब्यांच्या प्लेसी खटल्यात सात विरुद्ध एक. राज्यघटनेला रंग दिसत नाही या आशयाचे त्यांचे विधान तेव्हाचे.

परंतु त्याच मतपत्रात चिनी लोकांविषयी एक परिच्छेद आहे, आणि तो वाचणाऱ्याची मान खाली जाते. 1898 साली अमेरिकेत जन्मलेल्या चिनी मुलाच्या नागरिकत्वाला विरोध करणाऱ्या मतावर त्यांची संमती आहे. 1899 साली जॉर्जियातील ऑगस्टा येथील कृष्णवर्णीय मुलांची माध्यमिक शाळा बंद करणाऱ्या मंडळाच्या बाजूचा एकमुखी निवाडा त्यांनीच लिहिला. घरात रॉबर्ट वाढला म्हणून जॉन न्यायी झाले, हे समीकरण मांडणाऱ्याने ऑगस्टाच्या शाळेचा हिशेबही दिला पाहिजे. तो कोणी देत नाही. जी माणसे त्यांनी घरात पाहिली होती, त्यांच्यापुरता रेल्वेचा डबा त्यांना स्पष्ट दिसला. चिनी माणूस त्यांच्या अंगणात कधी आला नव्हता. मात्र हेही संपूर्ण स्पष्टीकरण नव्हे, कारण ऑगस्टाची मुले तर त्यांच्या अंगणातलीच होती.

घराण्याची पुढची नोंद त्यांच्याच नावाच्या नातवाची. मे 1954 मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आयझेनहॉवर यांनी धाकट्या जॉन मार्शल हार्लन यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. दक्षिणेच्या सिनेटरांनी नेमणूक कित्येक महिने अडवून धरली, आणि प्लेसी खटल्यातील आजोबांचे मत हे त्या रोषाचे एक कारण मानले जाते. मार्च 1955 मध्ये मतदान झाले, तेव्हा बाजूने 71 व विरुद्ध 11 मते पडली.