सोनाराची घट

धनत्रयोदशीला घरोघर सोन्याची पूजा होते आणि तिच्या आधी आठ-पंधरा दिवस जुने सोने सोनाराकडे जाते. मोडीचा दागिना तराजूत पडला की सोनार पहिल्याने घट धरतो. कुठे डाग दिलेला असतो, कुठे लाख भरलेली असते, कुठे मळ बसलेला असतो. तेवढे वजा जाता उरेल ते सोने. या हिशेबाबद्दल कुणाची फारशी तक्रार नसते. पण मला वाटते, खरी घट सोनाराच्या वहीत कधी चढतच नाही. आजीची पोत मुशीत गेली की तिच्याबरोबर आजीही थोडी जाते. तिचे वजन कुणी वजा करीत नाही, कारण ते तराजूत मुळी आलेलेच नसते.

हा विचार मनात घोळू लागला तो माझ्या एका स्नेह्यांच्या छंदामुळे. ते जुने क्रूस जमवतात. गळ्यात घालायचे, छातीवर रुळणारे. काही सोन्याच्या तारकामाचे, काही चांदीचे, काही काळवंडलेल्या काशाचे. मखमलीवर मांडून ते दाखवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत लोभ दिसत नाही, कौतुक दिसते. आणि तरीही पाहणाऱ्याच्या मनात एक शंका उभी राहतेच : दुसऱ्याच्या श्रद्धेची वस्तू अशी जमवावी का?

प्रश्न दूरदेशीचा नाही. आम्ही राहतो नाहूरला, भांडुप आणि मुलुंड यांच्या मधोमध. इथले स्टेशन २००३ सालचे, म्हणून गावही कालचे वाटते; पण ही भूमी साष्टीची. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि पुढची दोनशे वर्षे तो त्यांच्याकडे राहिला. त्या काळात इथले कितीतरी शेतकरी, कोळी, कारागीर ख्रिस्ती झाले. पण त्यांची बोली मराठीच राहिली आणि बायकांचे लुगडेही सुटले नाही. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली, त्या सुमारास त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. आपल्या याच गाडीने ठाणे ओलांडून पुढे गेले की कल्याण लागते. सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने 'कल्लियाना' बंदरात ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून येतो, असे लिहून ठेवले आहे. ते बंदर म्हणजे हेच कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेव्हा क्रूस ही आपल्याकडे परवा आलेली वस्तू नव्हे.

स्नेह्यांचे म्हणणे साधे आहे. ते म्हणतात, “अहो, मी घेतला नसता तर हा क्रूस मुशीतच गेला असता. मग कुणाच्या हाती काय राहिले असते? एक बांगडी!” हे खोटे नाही. ज्या घराने तो विकायला काढला त्याने त्याच्याकडे सोने म्हणूनच पाहिले. क्रूस म्हणून पाहिले ते संग्राहकाने. जपणाऱ्याला दोष द्यावा आणि वितळवणाऱ्याला देऊ नये, हा कुठला न्याय?

पण हाच प्रश्न आपल्या घरात आणून पाहावा. देव्हाऱ्यातले कुलदैवताचे चांदीचे टाक कुणी परक्याने मखमलीवर मांडले, खाली चिठ्ठी लावून साल आणि किंमत लिहिली, तर आपल्याला काय वाटेल? किंवा कुणी जुनी मंगळसूत्रे जमवू लागला तर? त्याच्या रसिकतेचे कौतुक करतानाही आपला हात नकळत मागे येईल. ही नुसती भावुकता नव्हे. काही वस्तू कुणाच्या तरी मालकीच्या असतात. काही वस्तू कुणाशी तरी बांधलेल्या असतात. पहिल्या विकता येतात. दुसऱ्याही विकता येतात, पण गाठ मात्र विकली जात नाही, ती तुटते.

यावर कुणी म्हणेल, अर्थ धातूत नसतो, माणसाच्या मनात असतो. मन गेले की उरतो तो धातू. क्रूसाचा इतिहास तर या म्हणण्याला पुष्टीच देतो. रोमन राज्यात क्रूस म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना तडफडत मारण्याचे साधन. पहिली तीन शतके ख्रिस्ती लोकही ही खूण सहसा मिरवीत नसत; मासा, नांगर अशा खुणा त्यांना जवळच्या वाटत. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहाने त्यांच्या धर्माला आश्रय दिला आणि मग हळूहळू ते वधस्तंभाचे चिन्ह सोन्यात घडू लागले. बायझंटाइन काळात काशाचे पोकळ क्रूस करीत. दोन पाकळ्या बिजागरीने मिटायच्या आणि आत एखाद्या संताचा अवशेष ठेवायचा. वधाचे साधन जिथे ताईत होऊ शकते, तिथे ताईताची शोभेची वस्तू झाली तर बिघडले कुठे?

मला फरक दिसतो तो इथे. पहिला बदल केला तो ज्यांनी ते दुःख आपले मानले त्यांनी. दुसरा केला बाजाराने. आणि बाजाराला मागणी कळते, गाठ कळत नाही. सीरिया आणि इराक या देशांत युद्ध पेटले तेव्हा जुनी ठिकाणे खणून निघालेला ऐवज जगाच्या बाजारात इतका येऊ लागला, की २०१५ साली राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेला त्या व्यापाराविरुद्ध ठराव करावा लागला. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. एक क्रूस वाचवला म्हणून संग्राहक समाधानाने निजतो. पण त्याने मोजलेली रक्कम दुसऱ्या दिवशी आणखी कुणाच्या हाती कुदळ देते. हेतू शुद्ध असून भागत नाही. पैसा पुढे कुठे जातो तेही पाहावे लागते.

आता उलट बाजूचे एक उदाहरण. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली आणि त्या मुलखातल्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी देशावर नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची घंटा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची आहे. त्या विकत घेतलेल्या नाहीत, जिंकून आणलेल्या आहेत. न्यायाने पाहिले तर स्नेह्यांचा क्रूस या घंटांपेक्षा निर्मळ, कारण त्याचे दाम मोजलेले आहेत. आणि तरी पाहा : घंटा देवासाठी ओतली आणि देवाच्याच दारी लागली. क्रूस गळ्यासाठी घडवला आणि कपाटात निजला. लुटीने लूट पवित्र होत नाही, हे खरेच. पण दाम मोजल्यानेही वस्तू आपली होत नाही, हेही तितकेच खरे.

मग संग्रह करूच नये काय? तसे मला वाटत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वाद्ये, घरोघरची अडगळ आयुष्यभर गोळा केली, आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने तिचे संग्रहालय केले आणि १९७५ साली ते सरकारच्या स्वाधीन केले. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तिथे ज्यांची श्रद्धा आहे तेही जाऊन हात जोडू शकतात. दोन्हीकडे वस्तू एकाच्या मुठीत राहिली नाही. गीतेने 'लोकसंग्रह' हा शब्द दिला आहे, त्यात माणसांना धरून ठेवण्याची गोष्ट आहे. वस्तूंचा संग्रह ज्या मानाने माणसांना धरून ठेवतो, त्या मानाने तो निर्दोष, असे मी म्हणेन.

म्हणून संग्राहकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. देणाऱ्याने ही वस्तू खुशीने दिली, की अडचणीने? तिच्याबरोबर तिची हकीगत आली का : कोणते गाव, कुणाचा गळा, कोणते लग्न? आणि उद्या त्या घरचे नातवंड दारात आले, तर कपाट उघडायची आपली तयारी आहे का? तिन्हींची उत्तरे मनासारखी आली, तर तो मालक नव्हे, राखणदार आहे. नाही आली, तर मखमल कितीही मऊ असो, तिच्यावर ठेवलेली वस्तू निव्वळ धातू आहे.

आणि हे प्रश्न संग्राहकांपुरते नाहीत. या दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी घरातली डबी उघडाल तेव्हा आत एखादा दागिना असा निघेल, की तो कुणाचा हे सांगणारी एकच म्हातारी घरात उरली असेल. तो ठेवायचा की मोडायचा, हे पुढे ठरवता येईल. गरजेला मोडण्यात पाप नाही. पण आधी तिच्याजवळ बसून विचारून घ्यावे आणि एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवावे. सोनार ती चिठ्ठी काही तोलणार नाही.