सहावा दात

बस. चहा नंतर. आधी ही चिठ्ठी बघ.

जुलैत आरोग्य पथक शाळेत आलं होतं. डॉक्टरांनी बॅटरी धरून तुझ्या मुलीचं तोंड तपासलं आणि उपजिल्हा रुग्णालयात दाखवा असं लिहून दिलं. आता दिवाळीची सुट्टी संपूनही पंधरा दिवस झाले. ही चिठ्ठी मला काल तिच्या दप्तराच्या तळाशी मिळाली, चार घड्या घातलेली, पेन्सिलीच्या सालपटांत. खाली तुझी सही आहे. म्हणजे तू वाचलीस. वाचलीस आणि परत दप्तरात कोंबलीस.

वर मला सांगतोस, "बाई, दुधाचाच दात आहे, पडणारच आहे."

याच वर्गात तुला मी मोजायला शिकवलं. मोज मग. दुधाचे दात एकूण वीस. वर दहा, खाली दहा. म्हणजे मधल्या रेघेपासून एका बाजूला पाच. तिचा खालचा उजवा किडलेला दात मधून मोजत गेलं की कितवा येतो? सहावा. पाचच असतात तिथे सहावा दुधाचा कुठून आला? अरे, ती कायमची दाढ आहे. सहाव्या वर्षाच्या सुमाराला ती मागून येते, एकही दात न पाडता. म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ती गेली की पुन्हा उगवत नाही. सात वर्षांच्या पोरीची जन्माची दाढ तू दुधाची म्हणून सोडून दिलीस!

आणि दुधाची असती तरी? दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या खालच्या दातांची जागा राखून ठेवतात. आधीच काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि नवा येतो तो वाकडा. तेव्हा "पडणारच आहे" हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस.

मधल्या सुट्टीत मी तिच्या शेजारी बसते. खिचडी सगळी डाव्या बाजूनं चावते. वाटाणा उजवीकडे गेला की बोट घालून बाहेर काढते. तू घरी कधी पाहिलंस? श्रावणात रात्रभर रडली, तेव्हा तुझ्या आईनं दाढेत तंबाखूची गोळी धरायला लावली. सात वर्षांच्या लेकराला तंबाखू! त्यांचा मी मान राखते, पण त्या रोज तव्यावर तंबाखू भाजून मशेरी लावतात आणि पोरगी ते बघत मोठी होते आहे. हे तुला थांबवायचं आहे.

आता दुखत नाही म्हणालास. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. दुखणं आपोआप थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. आतली नस मरायला लागली, असंही असू शकतं. मग मुळाशी पू होतो, गाल सुजतो. कीड वरवर असताना नुसतं सिमेंट भरून भागलं असतं. आता नसेपर्यंत गेली असेल तर उपचार वाढणार, आणि या वयात दाढेची मुळं पूर्ण तयार झालेली नसतात, म्हणून डॉक्टरांचं काम अवघड होतं. चार महिन्यांचा उशीर तिला भोगावा लागणार, तुला नाही.

डब्यात रोज पाच रुपयांचा क्रीमचा बिस्किटपुडा देतोस, तो आजपासून बंद. रात्री निजताना ब्रश तू स्वतः हातात घेऊन तिचे दात घास. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, फ्लोराइडची.

आता तोंड उघड. उघड म्हणते ना. तुझी तीन बोटं उभी आत जातात का बघ. दोनच? मावा किती वर्षं खातोस? तुझंही तोंड त्याच डॉक्टरांना दाखव, आणि आज खिशातली पुडी इथे टेबलावर ठेवून जा.

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा. हजेरीपटावर उद्याची तिची रजा मी मांडली आहे. ही चिठ्ठी घे. खिशात ठेव, दप्तरात नको.